आजीची पेज आणि १९७८ चा विषाणू

आमच्या शेवगावकडे जनावरांच्या सरकारी दवाखान्याला 'गुरांचा दवाखाना' म्हणतात. बोर्डावर पशुवैद्यकीय वगैरे लिहिलेलं असतं, पण ते बोर्डापुरतं. परवा हा शब्द एकदम आठवला. ऑफिसातल्या एकाने नुकतंच कुत्र्याचं पिल्लू आणलंय. त्याचं पोट बिघडलं आणि जेवणाच्या सुट्टीत आमची अख्खी टीम वैद्य झाली. दहीभात दे, पेज दे, एक दिवस उपाशी ठेव, काही देऊ नकोस आपोआप बरं होतं... गंमत म्हणजे सांगणारे कोणी पुण्याचे, कोणी नागपूरचे, कोणी कोकणातले. सगळ्यांच्या आज्या वेगळ्या आणि उपाय जवळजवळ तेच! म्हटलं, या विकांताला बघूच की हे उपाय आले कुठून, आणि चालतात का.

पहिला प्रश्न, कुत्र्याचं औषध स्वयंपाकघरातच का राहिलं? प्राण्यांच्या वैद्यकाची आपली परंपरा काही लहान नाही. घोड्यांसाठी शालिहोत्र, हत्तींसाठी पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद. घोड्याच्या वैद्याला हिंदी-उर्दूत 'सलोतरी' म्हणतात, तो शब्द शालिहोत्रावरूनच आला. कुत्र्यांचा उल्लेख नाही असं नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर (तिसरा) याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात 'सारमेयविनोद' म्हणून एक प्रकरण आहे. सारमेय म्हणजे कुत्रा. पण विनोद म्हणजे राजाची करमणूक. दारातल्या कुत्र्याला कोणी शालिहोत्र भेटला नाही.

इंग्रज आले तरी चित्र फारसं बदललं नाही. मुंबईत परळला १८८६ मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय निघालं. पुण्यात १८८९ मध्ये इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली, ती १८९३ मध्ये कुमाऊंमधल्या मुक्तेश्वरला गेली. तिच्यापुढचा मोठा शत्रू होता बुळकांडी, म्हणजे गुरांची महामारी. साहजिकच आहे. बैल मेला तर शेती बुडते, घोडा मेला तर पलटण अडते. कुत्रा मेला तर? सरकारला कुत्रा आठवायचा तो पिसाळून चावल्यावर. म्हणजे 'गुरांचा दवाखाना' हे नाव अगदी प्रामाणिक होतं. कुत्र्याचं पोट बिघडलं तर ते घरातल्या बाईने बघायचं, हातात जे असेल ते वापरून.

आता तिच्या हातात काय होतं ते बघू.

एक, लंघन. दिवसभर खायला नाही, फक्त पाणी. पूर्ण वाढलेल्या, एरवी धडधाकट कुत्र्याच्या बाबतीत यात अर्थ आहे. आतड्याला विश्रांती मिळते, आणि जे उकिरड्यावरचं खाल्लं ते निघून जातं. लहान पिल्लाला मात्र हे चालत नाही. त्याच्या अंगात साखरेचा साठाच इतका कमी असतो की उपास त्यालाच मारतो.

दोन, पेज. तांदळाची, थोडं मीठ घालून. शेवगाव-पाथर्डी हा ज्वारीचा पट्टा, त्यामुळे पुष्कळदा भाकरीच पाण्यात कुस्करून. आता कुत्रा म्हणजे लांडग्याचा भाऊबंद, त्याला ही पिठूळ पेज पचते कशी? याचं उत्तर २०१३ मध्ये मिळालं. स्वीडनमधल्या एरिक ॲक्सेलसन आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांचे आणि लांडग्यांचे जीनोम ताडून पाहिले. स्टार्च पचवणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात २ प्रती असतात, कुत्र्यात ४ ते ३०. माणूस शेती करायला लागला आणि त्याच्या उष्ट्यावर जगता जगता कुत्र्याचं पोटसुद्धा शेतकऱ्याचं झालं!

पेजेला दुसरी मान्यता मिळाली ती माणसांच्या दवाखान्यातून. आतड्यात ग्लुकोज असेल तर त्याच्याबरोबर सोडियम आत ओढलं जातं आणि मागोमाग पाणी, ही गोष्ट १९६० च्या सुमारास कळली. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचं पाणी पिंपांतून वाटलं. ३० टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आलं. तांदळाची पेज आणि मीठ ही याच सूत्राची घरगुती आवृत्ती. कुत्र्याचं आतडंही याच नियमाने चालतं.

तीन, ताक. आपण कुत्र्याला हौसेने दूध-भाकरी घालतो, पण मोठ्या कुत्र्याला दुधातली साखर नीट पचत नाही. बऱ्याचदा पोट बिघडण्याचं कारणच ते दूध असतं. दूध बंद करून ताक दिलं की अर्धा उपाय तिथेच झाला. आमच्या भाषेत सांगायचं तर बग काढला, पॅच लावायची गरजच पडली नाही :)

तुपाचंही तसंच. रोटी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव महाराज आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहेत. आणि कुत्र्याला तूप पचत नाही, हेही आपणच म्हणतो. भक्ती म्हणून पहिलं मोठं, पण वैद्यक म्हणून दुसरं खरं. फार तुपकट-तेलकट खाण्याने कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, आणि ते दुखणं जीवघेणं असतं.

चार, कुत्रा स्वतःच करतो तो उपाय. गवत खाणं. हरळीच्या शास्त्रीय नावात जो 'सायनोडॉन' आहे, त्याचा अर्थच 'कुत्र्याचा दात'. (नाव पडलं ते तिच्या दातासारख्या कोंबांवरून, खाण्यावरून नाही.) कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठाने २००८ मध्ये दीड हजारांवर मालकांची पाहणी प्रसिद्ध केली. गवत खाण्याआधी आजारी दिसणारे कुत्रे दहा टक्क्यांहूनही कमी निघाले. म्हणजे बहुतेक कुत्रे औषध म्हणून नाही, सवय म्हणून गवत खातात.

इथवर आजीची बाजू भक्कम आहे. आता गोष्ट बदलते.

१९८९ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी शेवगावला होतो. वाड्यामागच्या कुत्रीला पाच पिल्लं झालेली, दोन महिन्यांची असतील. एक पिल्लू उलट्या करायला लागलं, मग दुसरं. मग हगवण, रक्ताची, आणि तो विशिष्ट घाण वास. आजीने सगळं केलं. पेज केली, ताक पाजलं, डाळिंबाची साल उगाळून दिली. पाजलेलं मिनिटभरात बाहेर यायचं. चार दिवसांत पाचापैकी चार गेली. आजी पायरीवर बसून म्हणाली, "पहिलं असं नव्हतं बाबा. पिल्लं मरायची, नाही असं नाही. पण अशी रक्त हागून, दोन दिसांत सगळी? हे नवंच काहीतरी आलंय." घरातल्यांनी ते नेहमीच्या 'आमच्या वेळी असं नव्हतं'मध्ये जमा केलं.

पण आजी इतिहास म्हणून अगदी अचूक बोलत होती. ते खरंच नवं होतं.

त्या पिल्लांची लक्षणं पार्वोच्या पुस्तकी वर्णनाशी तंतोतंत जुळतात. आणि कुत्र्यांचा पार्वो विषाणू १९७० च्या दशकाआधी जगात नव्हताच! मांजरांमध्ये पॅनल्युकोपेनिया नावाचा रोग करणारा एक विषाणू आहे. त्याच्यासारख्याच एका विषाणूच्या कवचात मोजके बदल झाले आणि त्याला कुत्र्याच्या पेशींचं दार उघडता यायला लागलं. १९७८ मध्ये तो अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया, जपान असा काही महिन्यांत सगळीकडे दिसला. जगातल्या एकाही कुत्र्याला त्याची ओळख नव्हती. भारतात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून त्याच्या नोंदी सापडतात. जंत होते, डिस्टेंपर होता, पिल्लं त्यांनीही मरत. पण हा पाहुणा वेगळा होता.

तो करतो काय? भराभर वाढणाऱ्या पेशी शोधतो. म्हणजे आतड्याचं अस्तर आणि हाडांमधला मगज. अस्तर गळून पडतं, आतड्यातले जंतू रक्तात शिरतात, आणि त्यांच्याशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तयारच होत नाहीत. जे अस्तर पेजेतलं मीठ-पाणी आत घेणार, तेच जागेवर नाही! मग पेज कितीही चांगली असो, ती जाणार कुठे? उपचार नसेल तर दहापैकी नऊ पिल्लं दगावू शकतात. वेळेवर शिरेतून सलाईन आणि बाकीचे उपचार मिळाले तर दहापैकी आठ-नऊ वाचतात. सगळा फरक त्या पहिल्या एक-दोन दिवसांचा, आणि नेमके तेच दिवस आपण 'बघू, दहीभात देऊन' म्हणून घालवतो.

मला हे आपल्या जुन्या कोडसारखं वाटतं. घरगुती उपाय चुकीचे नव्हते. ते ज्या जगासाठी लिहिले गेले त्या जगात 'कुत्र्याचं पोट बिघडलं' याचा अर्थ बहुतेक वेळा 'त्याने नको ते खाल्लं' एवढाच होता. १९७८ नंतर त्याच लक्षणामागे दुसरं कारण येऊन बसलं. कोड तेच राहिलं.

तेव्हा थोडक्यात. मोठा, लस झालेला कुत्रा आहे, एक-दोनदा पातळ झालं, पण शेपूट हलतेय, पाणी पोटात टिकतंय, तर पेज आणि एक दिवस वाट बघणं ठीक. पिल्लू आहे, लस अपुरी आहे, उलट्या थांबत नाहीत, रक्त आहे, मरगळ आहे, हिरड्या कोरड्या आहेत किंवा मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर पटकन खाली बसत नाही, यातलं एकही असेल तर रात्र असली तरी डॉक्टर गाठा. जंतावर म्हणून लसूण देऊ नका. कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. मनुका-द्राक्षं मूत्रपिंड बिघडवू शकतात. आणि आपली जुलाबाची किंवा तापाची गोळी मनाने अजिबात देऊ नका.

लसीचं सांगायचं तर ती कॉर्नेल विद्यापीठात लेलंड कारमायकेल आणि मॅक्स ॲपेल यांनी रोग दिसल्यानंतर अवघ्या दोन-तीन वर्षांत आणली. पण 'एक इंजेक्शन झालंय' एवढ्याने भागत नाही. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती सुरुवातीला लसीलाच निकामी करते, आणि ती कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लात वेगळं. म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत डोस द्यावे लागतात. विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो, त्यामुळे 'आमचं पिल्लू बाहेर जातच नाही' यालाही अर्थ नाही. तुमच्या चपला जातात ना!

असो. घरी पिल्लू आलं असेल तर आधी त्याचं लसीचं कार्ड काढून तारखा बघा. पेज काय, ती कधीही शिजवता येते.