हॅकिंटॉश

हॅकिंटॉश : ‘हॅक’ आणि ‘मॅकिंटॉश’ मिळून झालेला शब्द. सुटे भाग आणून घरी जोडलेल्या, ॲपलच्या नसलेल्या संगणकावर मॅकओएस चालवणे. २००६ मध्ये मॅकमध्ये इंटेलचे प्रोसेसर आले आणि मॅक व साधा पीसी आतून बरेच सारखे झाले. त्याआधी ही कल्पना व्यवहारात येण्यासारखी नव्हती.

तरीही मॅकओएस सुरू होताना मॅकमधल्या एसएमसी चिपकडून ठरावीक खूण मागते. व्हर्च्युअलएसएमसी हा छोटा प्रोग्रॅम ती खूण पुरवतो. त्याला आणि बाकीच्या ड्रायव्हरांना ओपनकोर हा बूटलोडर मॅकओएसच्या आधी जागा होऊन आत सोडतो. सुरू होण्याच्या टप्प्यांची नोंद देणाऱ्या पांढऱ्या ओळी याच वेळी काळ्या पडद्यावर सरकतात. जिथे ओळ अडते, तिथे बिघाड शोधायचा, कॉन्फिग फाइलमधली एखादी नोंद बदलायची आणि पुन्हा सुरू करायचे. यंत्र आतून कसे चालते हे अशा खटपटीत जितके पक्के कळते, तितके तयार संगणक वापरून कळत नाही, असे माझे ठाम मत आहे.

अशा संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड बहुधा एएमडीचे का घेतात, याचे उत्तर साधे आहे : २०१८ च्या मोहावेपासून एनव्हिडियाच्या नव्या कार्डांना ड्रायव्हर मिळाले नाहीत.

परवान्यानुसार मॅकओएस फक्त ॲपलच्या संगणकावर चालवायची असते. असे संगणक विकणाऱ्या फ्लोरिडातील सायस्टार कंपनीविरुद्ध २००९ मध्ये न्यायालयाचा निकाल गेला. ॲपलने २०२० पासून स्वतःच्या चिपा वापरायला घेतल्या. इंटेलवर चालणारी शेवटची आवृत्ती म्हणजे २०२५ ची मॅकओएस टाहो. — संपादक