दिवा फोडायची हिंमत कुणाची?

पाय जपून टाका. व्हेसुव्हिअसच्या लाव्ह्याची काळी फरसबंदी दिवसभराच्या सांडपाण्यानं निसरडी झालीय. तुम्ही अठराव्या शतकातल्या नेपल्समध्ये, व्हिया देई त्रिबुनाली या रस्त्यावर आहात. ऑगस्टची संध्याकाळ, सदरा पाठीला चिकटलेला. मागून गाढवाचं तोंड, पुढून पाववाल्याची पाटी, बगलेखालून कुणाचं तरी पोर. थांबायचं की चालायचं हे गर्दी ठरवणार.

मॅकरोनीवाल्याच्या कढईची वाफ थेट तोंडावर येते. घ्या एक मूठ. काटा मागू नका, हसतील. मान मागे टाकायची, लांबलचक शेवया बोटांनी उंच धरायच्या आणि घशात सोडायच्या. वर किसलेलं चीज, बस्स. टोमॅटोचा रस्सा शेवयांवर ओतायचं अजून इथं कुणाला सुचलेलं नाही. घसा भाजला? शेजारी लिंबूपाणी आहे, डोंगरावरून आणलेल्या बर्फानं गार केलेलं. आणि जरा वर बघा हो! वरच्या मजल्यावरच्या बाईनं दोरीनं सोडलेली टोपली तुमच्या टाळूवरच येतेय.

अंधार पडला. आता खिसा धरा. सरकारी दिवे लावून झाले. चोरांनी ते फोडून टाकले. मग समोरच्या बोळात मिणमिणतंय ते काय?

भिंतीतली देवळी. आत मेरीमाता, पुढे तेलाचा दिवा, कोमेजलेली फुलं, जळक्या वातीचा वास. खाली मातीच्या छोट्या मूर्ती, कमरेपर्यंत ज्वाळांत, हात वर केलेल्या. स्वर्गाची वाट बघत शुद्धिस्थानात तळमळणारे हे आत्मे. गल्लीतल्या बायका त्यांच्या सुटकेसाठी प्रार्थना करतात आणि मोबदल्यात लॉटरीचा आकडा मागतात. व्यवहार चोख आहे.

देवळ्यांच्या दिव्यांनी गल्ल्या उजळायची अक्कल ग्रेगोरिओ मारिआ रोक्को या डोमिनिकन पाद्र्याची. देवळ्या आधीही होत्याच, पण त्यानं गल्लोगल्ली नव्या तसबिरी लावायला लावल्या आणि त्यांच्यापुढचा दिवा तेवत ठेवायचं काम तिथल्याच रहिवाशांच्या गळ्यात घातलं. तेलाचा खर्च भक्तांचा, उजेड साऱ्या शहराला. राजाचा दिवा फोडणारा चोर मेरीमातेपुढे मात्र टोपी काढून उभा! शिपायांना जमलं नाही ते तिनं केलं, तेही बिनपगारी. मला तर पाद्रीबुवांच्या भक्तीपेक्षा त्यांचा हिशेबीपणाच जास्त आवडतो.

चला, परत या. देवळ्या आजही जागच्या जागी आहेत, फक्त तेलाच्या जागी विजेचे दिवे आलेत. देवही वाढलेत. त्रिबुनालीपासून जवळच, बार नीलो नावाच्या कॉफीच्या दुकानात फुटबॉलपटू मॅराडोनाची देवळी आहे, त्याच्या केसासकट. तिथं हसू नका, आणि फोटो काढायचा असेल तर आधी कॉफी घ्या.