घर बदललं? अमेरिकेच्या पायलट परवान्यावरचा पत्ता ३० दिवसांत कळवा

आपल्याकडची अनेक मुलं-मुली विमान चालवण्याचं प्रशिक्षण घ्यायला अमेरिकेला जातात. काही जण तिथेच नोकरीला लागतात, काही परत येतात. त्यांच्याकडे अमेरिकेच्या नागरी विमान प्रशासनाचा, म्हणजे एफएएचा परवाना असतो. खासगी वैमानिकाच्या या परवान्यावर मुदत संपण्याची तारीख नसते. त्यामुळे एकदा मिळाला की कायमचा झाला, असं वाटतं. पण घर बदललं आणि पत्ता कळवला नाही, तर परवाना खिशात असूनही विमान उडवता येत नाही.

नियम काय सांगतो?

अमेरिकेच्या केंद्रीय विमान नियमांत कलम ६१.६० आहे. टपालाचा कायमचा पत्ता बदलल्यापासून ३० दिवस उलटले आणि एफएएला लेखी कळवलं नसेल, तर परवान्याचे अधिकार वापरता येत नाहीत. परवाना रद्द होत नाही. पण पत्ता कळवेपर्यंत पायलट म्हणून उड्डाण करणं नियमभंग ठरतं. वैमानिकाप्रमाणेच फ्लाइट इन्स्ट्रक्टर आणि ग्राउंड इन्स्ट्रक्टर यांनाही हेच कलम लागू आहे. ड्रोनचा रिमोट पायलट परवाना असणाऱ्यांसाठी वेगळं कलम आहे, मुदत मात्र तीच, ३० दिवसांची.

कसं कळवायचं?

दोन मार्ग आहेत. पहिला सोपा: एफएएच्या संकेतस्थळावर ‘एअरमेन सर्व्हिसेस’मध्ये खातं उघडायचं आणि पत्ता बदलायचा. दुसरा टपालाचा: ओक्लाहोमा सिटीतल्या एअरमेन सर्टिफिकेशन ब्रँचला पत्र पाठवायचं. पत्ता असा: पोस्ट बॉक्स २५०८२, ओक्लाहोमा सिटी, ओक्लाहोमा, पिन ७३१२५. पत्रात पूर्ण नाव, जन्मतारीख, परवान्याचा क्रमांक, जुना पत्ता, नवा पत्ता आणि सही हवी. पत्राची एक प्रत आणि पाठवल्याची पावती जपून ठेवावी.

टपालासाठी पोस्ट बॉक्स दिला असेल, तर प्रत्यक्ष राहण्याचा पत्ताही द्यावा लागतो. पोस्ट बॉक्सवर पत्र पोहोचतं, माणूस कुठे राहतो ते कळत नाही, म्हणून ही अट.

नवं कार्ड घ्यावंच लागतं का?

नाही. पत्ता कळवणं बंधनकारक आहे, कार्ड बदलणं नाही. नव्या पत्त्याचं कार्ड हवंच असेल तर २ डॉलर शुल्क भरून मागवता येतं. काही जुन्या परवान्यांवर सोशल सिक्युरिटी नंबर हाच परवान्याचा क्रमांक आहे. तो काढून वेगळा क्रमांक घ्यायचा असेल, तर शुल्क लागत नाही. घरात कुणाकडे अजून कागदी परवाना असेल, तर तो ३१ मार्च २०१० नंतर चालत नाही. प्लॅस्टिकचं कार्ड घ्यावंच लागेल.

एवढ्याशा पत्त्याने काय बिघडतं?

खरी अडचण नोटिशीची आहे. एफएएला चौकशी करायची असो, पुन्हा परीक्षा घ्यायची असो किंवा परवाना निलंबित करायचा असो, पत्र नोंदीतल्या पत्त्यावर जातं. परवाना निलंबनाच्या आदेशाविरुद्ध अपील करायला साधारण २० दिवस मिळतात, तातडीचा आदेश असेल तर फक्त १०. पत्र जुन्या घरी जाऊन पडलं आणि मुदत निघून गेली, तर बाजू मांडायची संधीच हातची जाऊ शकते. “मला पत्र मिळालंच नाही” हे सांगून सुटका होईल, या भरवशावर राहू नये.

भारतात परतलेल्यांनी हे नक्की वाचावं

एफएएकडे फक्त परदेशातला पत्ता असेल, तर आता अमेरिकेत एक प्रतिनिधी नेमावा लागतो. तुमच्या नावाची सरकारी कागदपत्रं स्वीकारणं हे त्याचं काम. नव्या अर्जदारांसाठी हा नियम ६ जानेवारी २०२५ पासून आणि आधीच परवाना असणाऱ्यांसाठी ७ जुलै २०२५ पासून लागू झाला. प्रतिनिधी १८ वर्षांवरील व्यक्ती किंवा एखादी संस्था असू शकते. त्याचा पत्ता अमेरिकेतला हवा, पोस्ट बॉक्स चालत नाही. तिथे राहणारे चाचा, मामा किंवा विश्वासू मित्र हे काम करू शकतात. मात्र आलेलं पत्र लगेच कळवणारा माणूस निवडा, आणि त्याला विचारूनच नाव द्या. प्रतिनिधी नेमला नाही, तर इथेही परवान्याचे अधिकार वापरता येत नाहीत.

आणखी तीन गोष्टी

स्वतःचं विमान असेल तर त्याची नोंदणी वेगळ्या दप्तरात असते. तिथेही ३० दिवसांत पत्ता स्वतंत्रपणे कळवावा लागतो.

भारतात डीजीसीएचा परवानाही घेतला असेल, तर एफएएकडचा बदल तिथे आपोआप पोहोचत नाही. तिथली नोंद वेगळी तपासा.

वैमानिकांची नावं-पत्ते एफएएच्या सार्वजनिक यादीत दिसू शकतात. आपला पत्ता लोकांसमोर येऊ नये असं वाटत असेल, तर तो न दाखवण्याचा पर्याय निवडता येतो. विशेषतः मुलींच्या पालकांनी याकडे लक्ष द्यावं.

घर बदलताना बँक, वीज, गॅस सगळीकडे नवा पत्ता देतोच. त्या यादीत एफएएचं नावही लिहून ठेवा आणि सामान हलवलं त्याच आठवड्यात हे काम उरकून टाका.