घरातले ध्वनिमुद्रण : साधनाची निवड आणि तिचा इतिहास



घरात गाण्याबजावण्याची हौस असली की हल्ली एक प्रश्न हटकून निघतो. संगणक घरी आहे, मायक्रोफोनही आणला आहे. आता ध्वनिमुद्रणासाठी सॉफ्टवेअर कोणते घ्यावे? नावे डझनाने आहेत आणि प्रत्येक नावाचा कैवारी आपलेच खरे म्हणून सांगतो. या प्रश्नाचे उत्तर बाजारात शोधण्याआधी इतिहासात शोधावे, असे आम्हांस वाटते. सोयरीक जुळवताना आपले वाडवडील घराण्याची चौकशी करीत. साधन घेतानाही तशी चौकशी करावी. कारण कोणतेही साधन ज्या कामासाठी जन्मास येते, त्या कामाची सवय ते सहसा सोडत नाही; आणि पुढे आपली सवय ते वापरणाऱ्याच्या कलेलाही लावते.

एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ सिद्ध केला. आपल्याकडे या विद्येचे व्यापारी आगमन १९०२ च्या नोव्हेंबरात झाले. फ्रेडरिक गैसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा तंत्रज्ञ कलकत्त्यास आला आणि त्याने गौहरजान प्रभृती कलावंतांची गाणी मुद्रित केली. त्या काळी मायक्रोफोन नव्हता. गाणाराला कर्ण्याजवळ तोंड नेऊन खड्या आवाजात गावे लागे. तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावे. जो राग मैफलीत तासभर उलगडायचा, त्याची बढत, ताना आणि समारोप हे सर्व तीन मिनिटांत बसवणे भाग पडे. साधनाने कलेला घातलेली ही पहिली मुरड होय. १९२५ च्या सुमारास विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण आले, तेव्हा हळुवार आवाजालाही तबकडीवर जागा मिळाली. पण तीन मिनिटांची मर्यादा कायमच राहिली.

त्या युगात निवड करण्याचा अधिकार कलावंताकडे नव्हता, कंपनीकडे होता. गायनाचार्य भास्करबुवा बखले यांचेच उदाहरण पाहा. १९११ साली पुण्यात भारत गायन समाजाची स्थापना त्यांनी केली, १९१६ च्या ‘संगीत स्वयंवरा’ला चाली त्यांनी दिल्या आणि १९२२ साली ते निवर्तले. तोवर तबकडीचा धंदा या देशात चांगली वीस वर्षे चालू होता. तरीही बुवांच्या आवाजाची एकही ध्वनिमुद्रिका आज उपलब्ध नाही. शिष्यांच्या गळ्यातून जे उतरले तेवढेच आपल्या वाट्याला आले. ध्वनिमुद्रण हा केवळ हौशीचा खेळ नव्हे, हे अशा वेळी कळते.

दुसरे युग चुंबकीय फितीचे. जर्मनीत १९३५ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात मॅग्नेटोफोन हे यंत्र लोकांसमोर आले. महायुद्धानंतर ती विद्या अमेरिकेत गेली आणि १९४८ पासून ॲम्पेक्स कंपनीची यंत्रे तेथे रुळली. फितीने दोन गोष्टी साधल्या. एक, चुकलेला तुकडा पात्याने कापून काढता येऊ लागला आणि चांगला तुकडा जोडता येऊ लागला. दुसरी, एकाच फितीवर शेजारी शेजारी अनेक पट्टे घेऊन प्रत्येक वाद्य निरनिराळे मुद्रित करता येऊ लागले. यांनाच आपण ट्रॅक म्हणतो. मात्र ही यंत्रे मोठ्या स्टुडिओलाच परवडत. ती घरात आली १९७९ साली, टिॲक कंपनीच्या पोर्टास्टुडिओच्या रूपाने. साध्या कॅसेटवर चार ट्रॅक घेणारी ही पेटी होती. ब्रूस स्प्रिंगस्टीन या अमेरिकन गायकाने १९८२ साली अशाच पेटीवर घरी काही गाणी टिपणवजा मुद्रित केली. पुढे ती वाद्यवृंदासह पुन्हा गाऊन पाहिली. पण घरच्या मुद्रणातला भाव त्यात उतरेना, म्हणून तेच घरचे मुद्रण ‘नेब्रास्का’ या नावाने प्रसिद्ध झाले. घर आणि स्टुडिओ यांमधली भिंत तेथे खचली.

आता संगणकाकडे येऊ. येथे तीन घराणी ध्यानात ठेवावीत.

पहिले घराणे फितीचे. ध्वनीचे आकड्यांत रूपांतर करायचे तर सीडीच्या प्रमाणाने सेकंदाला ४४,१०० मोजमापे घ्यावी लागतात; दोन वाहिन्यांच्या एका मिनिटाला सुमारे १० मेगाबाइट जागा लागते. हा भार सोसणारा संगणक १९८० नंतरच्या दशकाअखेरीस हाताशी आला. कॅलिफोर्नियातील डिजिडिझाइन कंपनीने १९८९ साली साउंड टूल्स आणि १९९१ साली प्रो टूल्स काढले. प्रो टूल्सला आरंभी चारच ट्रॅक होते. या घराण्याचा पडदा उघडा, म्हणजे फितीचा स्टुडिओच समोर दिसतो : आडवे पट्टे, कापण्याजोडण्याची हत्यारे आणि मिश्रणाचा फळा. जे गायले ते जसेच्या तसे टिपावे, मग निवडावे, ही याची वृत्ती.

दुसरे घराणे स्वरलेखनाचे. १९८३ साली मिडी नावाचा संकेत निघाला. मिडी ध्वनी वाहून नेत नाही. कोणती पट्टी केव्हा, किती जोराने दाबली आणि केव्हा सोडली, एवढा निरोप नेतो. निरोप हलका, म्हणून लहान संगणकालाही तो पेलला. १९८५ च्या अटारी एसटी संगणकाला तर मिडीची खाच अंगचीच होती. हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीचे क्यूबेस १९८९ साली याच संगणकासाठी निघाले. लॉजिकचे मूळही त्याच परंपरेत आहे. ते काढणारी एमॅजिक कंपनी ॲपलने २००२ साली विकत घेतली. या घराण्याचा पडदा म्हणजे मात्रांच्या रेघांनी आखलेली वही. आधी आखणी, मग संगीत, हा याचा क्रम.

तिसरे घराणे आवर्तनाचे. तालाचा लहानसा तुकडा घ्यावा, तो फिरवत ठेवावा आणि त्यावर इमला चढवावा. बेल्जियमचे फ्रूटीलूप्स, म्हणजे आजचे एफएल स्टुडिओ, हे १९९० नंतरच्या दशकाअखेरचे. बर्लिनचे एबलटन लाइव्ह २००१ चे. नृत्यसंगीत आणि रंगमंचावरचे प्रयोग यांतून हे घराणे वाढले.

याखेरीज ऑडॅसिटीचा निर्देश केला पाहिजे. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९९ साली त्याचा आरंभ झाला. ते विनामूल्य आहे आणि त्याची अंतर्गत रचना कोणालाही तपासता येते. एक आवाज, एक तंबोरा आणि रोजचा रियाज टिपून ठेवायचा असेल, तर आरंभाला एवढे साधन पुष्कळ झाले.

पुढे या घराण्यांत रोटीबेटीचे व्यवहार झाले आणि आज बहुतेक साधनांत सर्वांचे थोडे थोडे सापडते, हे खरे. तथापि मूळ पिंड लपत नाही, आणि आपल्या संगीताची गाठ पडते ती या पिंडाशी. विलंबित एकतालात गायक आणि तबलजी एकमेकांकडे पाहून लय सांभाळतात. ती जिवंत लय घड्याळाच्या ठोक्याला जखडली, तर गाणे ताठर होते. मिडीच्या पायाशी सप्तकातल्या बारा पट्ट्या आहेत; दरबारीचा आंदोलित गंधार त्यांपैकी कोणत्याच पट्टीवर सुखाने बसत नाही. १९९७ साली अँडी हिल्डेब्रँड यांचे ऑटोट्यून आले. भूगर्भातील तेल शोधण्यासाठी ध्वनिलहरींचे जे गणित वापरतात, त्यात हे गृहस्थ मुरलेले. बेसूर गळ्याला सुरावर ओढून आणणारी ही युक्ती. पण अंदाजाने लावली, तर आपली मींडही तिला चूक वाटते आणि ती मींडीच्या पायऱ्या करून टाकते.

म्हणून आमचा सल्ला असा. ख्याल, नाट्यपद, अभंग गाणाराने फितीच्या घराण्याचे साधन घ्यावे आणि मात्रांची आखणी बंद ठेवून गावे. पट्टीच्या वाद्यावर चाली बांधून वाद्यमेळ रचणाराने स्वरलेखनाचे घ्यावे. तालाच्या तुकड्यांवर खेळणाराने तिसरे. शंभर ट्रॅकांच्या आमिषाला भुलू नये. चौघांच्या मैफलीला आठ पुरतात. गाताना आपला आवाज कानात उशिरा येतो की काय, हेही विकत घेण्यापूर्वी घरच्या संगणकावर पाहावे. बहुतेक साधने काही दिवस विनामूल्य वापरून पाहता येतात, तेव्हा ही परीक्षा कठीण नाही.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. साधनेही मरतात. ध्वनी आणि मिडी यांची एकाच पडद्यावर प्रथम सांगड घालणारे स्टुडिओ व्हिजन १९९० साली ऑपकोड कंपनीने काढले. १९९८ साली गिब्सनने ती कंपनी घेतली आणि वर्षभरातच तिचे काम थांबले. १९८७ पासून चालत आलेले केकवॉकही पुढे गिब्सनकडेच गेले. त्याचे काम थांबवल्याचे २०१७ च्या नोव्हेंबरात जाहीर झाले. २०१८ साली सिंगापूरच्या बँडलॅबने ते हाती घेतले, म्हणून वाचले. लाखेची शंभर वर्षांची तबकडी आजही सुईखाली बोलते. पण बंद पडलेल्या सॉफ्टवेअरची खासगी फाइल वीस वर्षांतच मुकी होऊ शकते.

यावर उपाय सोपा आहे. काम पुरे झाले की प्रत्येक ट्रॅक आरंभापासून अखेरपर्यंत सलग, साध्या वेव्ह फाइलच्या रूपात उतरवून ठेवावा. हा प्रकार १९९१ पासून चालत आला आहे आणि बहुतेक सर्व साधने तो वाचतात. त्याच्या दोन प्रती दोन निराळ्या जागी ठेवाव्यात. आणि गाणारा कोण, साथीला कोण, राग कोणता, दिनांक कोणता, हे सोबत लिहावे. गौहरजान गाण्याच्या अखेरीस आपले नाव स्वतः उच्चारीत असे, म्हणून तो आवाज कोणाचा हे आज निश्चित सांगता येते.

भास्करबुवांच्या पिढीच्या हाती यंत्र नव्हते; आपल्या हाती ते आहे. यापुढे घरातल्या एखाद्या वृद्ध गायिकेचा आवाज हरवला, तर तो दोष कंपनीच्या माथी मारता येणार नाही. तेव्हा साधन कोणतेही निवडा, पण ते डोळसपणे निवडा. आणि गाणे साधनापेक्षा अधिक काळ टिकेल, अशी तजवीज त्याच दिवशी करा.