पल्स ऑक्सिमीटर संवेदक

रक्तातील हिमोग्लोबिनचा किती टक्के भाग ऑक्सिजनने संपृक्त आहे, हे सुई न टोचता मोजणारा रुग्ण-मॉनिटरचा घटक. बोटाच्या चिमट्यात एका बाजूस सुमारे ६६० नॅनोमीटरचा तांबडा व ९४० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश देणारे दोन एलईडी आणि समोर प्रकाशग्राही डायोड असतो. ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिन अवरक्त प्रकाश अधिक शोषते, ऑक्सिजनरहित तांबडा. नाडीच्या ठोक्यागणिक बदलणारे शोषणच हिशोबात धरण्याची कल्पना जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात मांडली.

हा आकडा प्रमाण सांगतो, ऑक्सिजनचा साठा नव्हे. १०० मिलीलिटर रक्तात ७ ग्रॅमच हिमोग्लोबिन असेल, तर ९८ टक्के संपृक्ततेलाही १५ ग्रॅमवाल्याच्या निम्म्याहून कमी ऑक्सिजन असतो. नाशिक जिल्ह्यातील सुरगाण्यासारख्या आदिवासी तालुक्यात हे महत्त्वाचे ठरते. कारण राज्याच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आजार आढळतो आणि त्यात रक्तक्षय असतोच. शिवाय या आजारातील हिमोग्लोबिन ऑक्सिजन सैल धरते, म्हणून एरवीही आकडा थोडा कमी दिसू शकतो. गडद त्वचेवर काही यंत्रे संपृक्तता वाढवून दाखवतात, हे २०२० मधील अमेरिकी अभ्यासाने दाखवले. गार बोट व नखाचा रंगही घोळ घालतात. मग यंत्र कुचकामी का? नाही. धमनीतील रक्तवायू-तपासणी दर ठिकाणी हाताशी नसते. घसरण तत्काळ दाखवणारे हेच साधन. मात्र रुग्णाचा नेहमीचा आकडा नोंदवून, हिमोग्लोबिन व श्वासाचा वेग यांच्या जोडीनेच तो वाचला पाहिजे.