सिंगल बोर्ड संगणकावरील पिनांची कार्यनिश्चिती : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

संगणकाच्या इतिहासाची मांडणी बहुधा वेग आणि स्मृतिक्षमता या दोन निकषांवर केली जाते. संगणकाचा बाह्य जगाशी प्रत्यक्ष संबंध जेथे येतो, त्या धातूच्या पिनांचा विचार त्या मानाने कमी होतो. वास्तविक एखाद्या पिनेने संदेश घ्यावा, द्यावा की अन्य विशेष कार्य करावे, हे ठरविण्याचा अधिकार कोणाकडे असावा, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. हा अधिकार कसकसा स्थलांतरित होत गेला, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

दिशेचा निर्णय

एमओएस टेक्नॉलॉजी या अमेरिकन कंपनीने १९७६ मध्ये किम-१ हा सिंगल बोर्ड संगणक बाजारात आणला. त्यावर वापरकर्त्यासाठी १५ पिना उपलब्ध होत्या. प्रत्येक पिनेसाठी दिशादर्शक रजिस्टरमध्ये एक बिट राखलेला असे. तेथे शून्य लिहिल्यास पिन संदेश घेई, एक लिहिल्यास संदेश देई. ब्रिटनमध्ये १९८१ साली आलेल्या बीबीसी मायक्रोच्या यूझर पोर्टवरही हीच पद्धत होती. आपल्याकडील अभियांत्रिकी महाविद्यालयांत ८०८५ च्या प्रशिक्षण-संचांसोबत शिकविली जाणारी इंटेलची ८२५५ ही चिप याच परंपरेतील होय. फरक इतकाच, की तिच्या २४ पिनांची दिशा एकेकटी न ठरता गटागटाने ठरते. या टप्प्यावर निर्णय पूर्णतः आज्ञावली लिहिणाऱ्याच्या हाती होता.

टंचाईतून आलेली बहुरूपता

चिपच्या आतील मंडले वाढत गेली; पिनांची संख्या मात्र त्या प्रमाणात वाढविणे शक्य नव्हते. ४० पिनांच्या ८०८५ मध्ये पत्त्याचे खालचे आठ बिट आणि माहितीचे आठ बिट एकाच पिनांवरून आळीपाळीने जात. इंटेलच्या १९८० च्या ८०५१ मध्ये तिसऱ्या पोर्टच्या पिनांना क्रमिक संदेशवहनासारखी पर्यायी कार्ये देण्यात आली.

याच विचाराचा विस्तार पुढील संगणकांत दिसतो. २०११ च्या बीगलबोनमधील चिपवर पिनेसाठी शून्य ते सात असे आठ क्रमांक योजिलेले होते. २०१२ च्या रास्पबेरी पायमधील बीसीएम२८३५ चिपवर ५४ जोडण्या होत्या व प्रत्येकीसाठी तीन बिट राखलेले होते. तीन बिटांतून आठ पर्याय निघतात : घेणे, देणे आणि जास्तीत जास्त सहा पर्यायी कार्ये. आता प्रश्न केवळ दिशेचा राहिला नाही. पिनेच्या ओळखीचा झाला.

वैयक्तिक आज्ञेकडून सामायिक वर्णनाकडे

एकाच पिनेवर दोन ड्रायव्हरांनी हक्क सांगितल्यास काय करावे? लिनक्समध्ये आरंभी प्रत्येक चिपसाठी याचे वेगळे उत्तर लिहिलेले असे. एआरएम चिपसाठीच्या या विस्कळीत लेखनाबद्दल लिनस टोरवाल्ड्स यांनी मार्च २०११ मध्ये जाहीर नाराजी व्यक्त केली. जानेवारी २०१२ मधील लिनक्स ३.२ मध्ये लिनस वालेय यांनी घडविलेली ‘पिनकंट्रोल’ ही उपप्रणाली समाविष्ट झाली. कोणती पिन कोणाच्या ताब्यात आहे, याची नोंद ती ठेवते आणि परस्परविरोधी मागणी नाकारते.

याच सुमारास एआरएम संगणकांसाठी ‘डिव्हाइस ट्री’ रूढ होऊ लागला. त्याचे मूळ १९९४ च्या ओपन फर्मवेअर या मानकात आहे. यात बोर्डाची रचना आज्ञावलीत न गुंफता स्वतंत्र वर्णन म्हणून लिहिली जाते. रास्पबेरी पायने २०१५ मध्ये ही पद्धत स्वीकारली. पिनेचे कार्य हे आता ‘करावयाचे कृत्य’ न राहता ‘नोंदवावयाचे विधान’ झाले.

परिणाम

या स्थित्यंतराची किंमत आणि लाभ दोन्ही पुढील दोन घटनांतून स्पष्ट होतात. २०१६ च्या रास्पबेरी पाय ३ मध्ये क्रमिक संदेशवहनाचे मुख्य मंडल ब्लूटूथला देण्यात आले व १४ आणि १५ या जोडण्यांमागे दुय्यम मंडल आले. त्याचा वेग चिपच्या अंतर्गत घड्याळावर अवलंबून असल्याने जुन्या जोडण्या अस्थिर होऊ शकत. पिना त्याच होत्या; त्यांच्यामागील व्यवस्था बदलली होती. तथापि वर्णनातील एका ओळीने जुनी व्यवस्था परत आणता येत होती.

२०२३ च्या रास्पबेरी पाय ५ मध्ये पिनांचे नियंत्रण आरपी१ या स्वतंत्र चिपकडे गेले. परिणामी रजिस्टरच्या पत्त्यावर थेट लिहिणाऱ्या आज्ञावली निरुपयोगी ठरल्या. कर्नलमार्फत पिनांपर्यंत जाणाऱ्या आज्ञावली तुलनेने थोड्या फेरफाराने टिकू शकल्या.

समारोप

पिनांच्या कार्यनिश्चितीचा अधिकार व्यक्तीकडून व्यवस्थेकडे गेला. यामुळे सुरक्षितता आणि सातत्य लाभले. परंतु एका ओळीमागे कोणते बिट बदलतात, हे विद्यार्थ्याच्या दृष्टीआड गेले. केवळ पत्ते व अंक पाठ करून घेणारी प्रात्यक्षिक-पुस्तिका बोर्डाबरोबरच कालबाह्य होते. केवळ तयार ओळ लिहावयास शिकविणारी पुस्तिका विद्यार्थ्याला परावलंबी बनविते. म्हणून अध्यापनात इतिहासाचाच क्रम पाळणे इष्ट ठरेल : आधी ८२५५ वर स्वहस्ते दिशा ठरवावी, नंतर पर्यायी कार्य निवडावे आणि शेवटी त्याचे वर्णन लिहावे. व्यवस्थेने आपल्या वतीने कोणता निर्णय घेतला, हे ज्याला कळते, त्यालाच तो प्रसंगी बदलताही येतो.