टिकाऊपणाची किंमत कोणी मोजली?

वस्तू जपून वापरावी, मोडली तर दुरुस्त करावी, ही आपल्या पूर्वजांची शहाणी रीत होती, असे हल्ली वारंवार सांगितले जाते. चंगळवादावर जुन्या गावगाड्याचा उतारा सुचविला जातो. परंतु वस्तू टिकल्या त्या कोणाच्या, आणि त्या टिकविण्यासाठी राबले कोण, हे विचारल्याशिवाय या रीतीचा इतिहास पुरा होत नाही.

कोल्हापूरकडच्या मोटेचेच उदाहरण घ्या. विहिरीवरची कातडी मोट रोज भिजे, रोज घासे, ती फाटणारच. तिला ठिगळ लावणे, सोंड शिवणे हे चांभाराचे काम. नाडा-सोंदूर वळून देणे हे मांगाचे. या कामाला कामागणिक दाम नव्हता. सुगीला खळ्यावर बलुते मिळे. मोट वर्षात दोनदा फाटली काय आणि दहादा फाटली काय, शिवणाऱ्याच्या पदरात धान्य तेवढेच. नव्या मोटेला पैसा लागे, जुनी शिवून घ्यायला वेगळे काही द्यावे लागत नसे. काटकसरीमागचे अर्थशास्त्र इतके साधे होते. कुणबीही बहुधा गरीबच होता, हे खरे; पण त्याच्या गरिबीचा भार त्याच्याहून खालच्याच्या खांद्यावर सरकत होता.

आणि दुसऱ्यांच्या वस्तू टिकविणाऱ्यांच्या स्वतःच्या घरी काय होते? मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने प्रेताची वस्त्रे नेसावीत, फुटक्या भांड्यात जेवावे, असा दंडक आहे. म्हणजे जीर्ण वस्तू ही केवळ दारिद्र्याची खूण नव्हती. ती धर्माने नेमून दिलेली पायरी होती. दंड घातलेले लुगडे, चिंध्यांची वाकळ यांत आमच्या आयाबायांचे कसब आहेच. पण तिथे निवड नव्हती. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना स्वच्छ राहण्यास आणि जात दाखवणारे दागिने व नेसण्याची जुनी पद्धत टाकण्यास सांगितले, ते या नेमणुकीविरुद्धच होते.

कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये महार वतनाच्या जमिनी रयतावा केल्या आणि जमिनीला बांधलेली चाकरी सोडविली. मुंबई राज्यात तसा कायदा व्हायला १९५८ उजाडले. मोटेचे बलुते मात्र कायद्याने नव्हे, ऑइल इंजिनाने आणि विजेच्या पंपाने संपविले. माणसाला जे सुचले नाही, ते यंत्राने केले!

आता कोल्हापुरी चप्पल पाहा. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेले कातडे, खिळ्याऐवजी कातडी वादीची शिवण. म्हणून ती उसवली तरी पुन्हा शिवता येते, तेल पाजले की वर्षानुवर्षे चालते. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानमध्ये तशाच चपला श्रेय न देता मांडल्या, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राची अस्मिता जागी झाली. पण चौकात छत्रीखाली बसून तीच चप्पल शिवणाऱ्याशी आपण दहा रुपयांसाठी घासाघीस करतो, तेव्हा ही अस्मिता कुठे जाते?

दुरुस्ती हा सद्गुण आहे, याबद्दल वाद नाही. मात्र त्याला दोन अटी हव्यात: कामागणिक रास्त दाम, आणि करणाऱ्याला ते काम नाकारण्याची मुभा. या अटींवाचून तो सद्गुण नव्हे, वेठ आहे. मोट शिवलेले हात आता फार थोडे उरले आहेत. आपल्या विद्यार्थ्यांनी गावोगाव जाऊन त्यांना विचारावे: किती टाके घातले, आणि खळ्यावर किती पायल्या मिळाल्या? हा हिशेब कोणत्याही दप्तरात मांडलेला नाही. तो आपणच मांडला पाहिजे.